डॉक्टरसाहेब, आमचं स्टेशन तेवढं सोडा!

इंग्लंडचा मोठ्यात मोठा नकाशा समोर पसरा आणि त्यात हॅटली नावाचं रेल्वे स्टेशन शोधा. हवं तर भिंग घ्या. सापडणार नाही! अहो, सापडेल कसं? ते स्टेशन होतं फक्त टीव्हीच्या पडद्यावर. पण त्या खोट्या स्टेशनावरची एक गोष्ट अगदी खरी होती. ती म्हणजे तिथल्या माणसांची भीती.

मालिकेचं नाव 'ओ, डॉक्टर बीचिंग!' बीबीसीवर तिचा नमुन्याचा पहिला भाग १४ ऑगस्ट १९९५ ला दाखवला गेला. मग जुलै १९९६ पासून ती रीतसर सुरू झाली आणि सप्टेंबर १९९७ मध्ये संपलीसुद्धा. जेमतेम वीसेक भाग. अशा मालिकांना तिकडे 'सिटकॉम' म्हणतात. जागा ठरलेली, माणसं ठरलेली आणि दर आठवड्याला नवा घोळ! एकदा कल्पना कळली, की पुढच्या आठवड्यात काय गोंधळ होणार याचा अंदाज बांधायची मजा वेगळीच.

चला, आधी हॅटलीला जाऊ. काळ आहे १९६३ चा. मुख्य मार्गापासून दूर फुटलेला एक फाटा, त्यावरचं हे आडगावचं स्टेशन. दिवसातून मोजक्या गाड्या. फलाटावर फुलांच्या कुंड्या, लाकडी बाकडी, एक चहा-नाश्त्याचं दुकान. जॅक स्किनर हा तिथला मुख्य पोर्टर. आधीचे स्टेशनमास्तर गेल्यापासून स्टेशन तोच सांभाळतोय, त्यामुळे आता आपण म्हणजेच स्टेशनमास्तर असं त्याच्या मनाने घेतलंय. आणि एके दिवशी गाडीतून उतरतात कडक इस्त्रीचे, शिस्तीचे, नवेकोरे स्टेशनमास्तर सेसिल पार्किन! जॅकचा चेहरा कसा झाला असेल, सांगायला नको. त्यातून आणखी एक पंचाईत. चहाचं दुकान चालवणारी जॅकची बायको मे आणि हे पार्किनसाहेब यांची पूर्वी कधीतरी चांगलीच ओळख होती. जॅक स्वभावाने महा संशयी. झालं, सगळे भाग या एका ठिणगीवर पेट घेत राहतात.

तिकिटाच्या खिडकीत बसते एथेल. बडबडी, हळवी. तिचा मुलगा विल्फ्रेड स्टेशनवर पडेल ते काम करतो, आणि बहुतेक वेळा ते बिघडवतो. व्हेरा नावाची एक आजी आहे. तिचे दिवंगत यजमान इंजिनचालक होते, आणि कुठलाही विषय काढा, गाडी यजमानांवर येऊन थांबते! राल्फ हा शिकाऊ पोरगा. इंजिन चालवायला शिकतोय आणि धांदरटपणात सगळ्यांचा गुरू आहे.

पण माझा सगळ्यात आवडता माणूस म्हणजे सिग्नल केबिनमधला हॅरी. दोन गाड्यांच्या मध्ये त्याला इतका रिकामा वेळ मिळतो, की या पठ्ठ्याने केबिनमध्येच बाजार मांडलाय. केस कापून हवेत? या. सायकल दुरुस्त करायची आहे? ठेवून जा. ताजी भाजी हवी? तीही आहे. मधेच घंटी वाजते, की गिऱ्हाईकाची मान तशीच सोडून हॅरी खटका ओढायला धावतो!

आता तुम्ही म्हणाल, घंटी कसली आणि खटका कसला? थोडं थांबून तेही बघू, कारण हॅरीची गंमत त्याशिवाय पुरती कळत नाही. त्या काळात सिग्नल केबिनमध्ये माणसाच्या छातीएवढे उंच लोखंडी खटके ओळीने उभे असत. एक ओढला, की तारेने जोडलेला दूरचा सिग्नल वर किंवा खाली होई. दुसरा ओढला, की रूळ सरकून गाडीची वाट बदले. या खटक्यांची एकमेकांशी अशी सांगड घातलेली असे, की वाट चुकीची लावलेली असेल तर सिग्नलचा खटका हलायचाच नाही. कितीही जोर लावा! शेजारच्या स्टेशनचा केबिनवाला गाडी पाठवण्याआधी घंटीचे ठरावीक ठोके देऊन विचारायचा, 'पाठवू का?' इकडून तसेच ठोके परत गेले, की होकार. प्रवासी गाडीचे ठोके वेगळे, मालगाडीचे वेगळे. न बोलता केलेला संवादच म्हणा ना.

आडमार्गावर बहुतेक ठिकाणी रूळ एकेरी असत. मग समोरासमोर दोन गाड्या आल्या तर? त्यासाठी होतं टोकन. ते हातात असल्याशिवाय चालकाने पुढे जायचंच नाही, आणि एका तुकड्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघे. आपल्याकडच्या एकेरी मार्गांवरही वर्षानुवर्षं हीच पद्धत होती. फक्त आपल्याकडे अनेक ठिकाणी ते टोकन म्हणजे पोलादी गोळा असे. घरात कोणी जुने रेल्वेवाले आजोबा असतील तर त्यांना विचारा, ते तुम्हाला तासभर सोडणार नाहीत.

ही मालिका लिहिणाऱ्या दोघांपैकी रिचर्ड स्पेंडलव्ह यांनी स्वतः रेल्वेत नोकरी केली होती, म्हणून हे बारकावे तिच्यात आले. दुसरे डेव्हिड क्रॉफ्ट म्हणजे विनोदी मालिकांचे मोठे उस्ताद. त्यांनी जिमी पेरी यांच्या जोडीने लिहिलेली 'डॅड्स आर्मी' १९६८ ते १९७७ या काळात इंग्लंडभर गाजली. आणि आता एक गंमत सांगते. याच जोडीची १९७४ मध्ये सुरू झालेली एक मालिका आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत घडते! दुसऱ्या महायुद्धातल्या तिथल्या छावणीत सैनिकांसाठी नाटकं-गाणी करणाऱ्या गोऱ्या शिपायांची ती कथा. पेरी स्वतः देवळालीला होते. त्या मालिकेत भारतीय माणसं ज्या पद्धतीने दाखवली आहेत ती पाहायला आज बरी वाटत नाहीत, आणि एका मुख्य भारतीय पात्राचं काम तर गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केलं होतं. पण देवळालीचा आणखी एक धागा माहीत असू द्या. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत शिपाई तिथे महिनोन्महिने अडकून पडत, काहींचं डोकं फिरून जाई. त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द आला. अर्थ, भ्रमिष्ट! बिचाऱ्या देवळालीचा काय दोष? असो.

तर हॅटलीत नट नवे नव्हते. पार्किन झालेले जेफ्री हॉलंड, जॅक झालेले पॉल शेन आणि एथेल झालेल्या सू पोलार्ड हे तिघेही क्रॉफ्ट यांच्या आधीच्या मालिकांमधले प्रेक्षकांचे लाडके. हॅरीचं काम स्टीफन लुइस यांनी केलं. हे लुइस त्याआधी कशासाठी प्रसिद्ध होते, ठाऊक आहे? 'ऑन द बसेस' या मालिकेतले बस कंपनीचे खडूस इन्स्पेक्टर म्हणून! रेल्वेच्या पोटावर पाय आणला तो बसने आणि मोटारीने, आणि इथे बसवाले साहेबच रेल्वेच्या केबिनमध्ये येऊन बसले. शीर्षकगीताची चाल एका जुन्या, एकोणिसाव्या शतकातल्या गाण्याची घेतली होती. चुकीच्या गाडीत बसून भलत्याच गावी पोचलेल्या मुलीचं ते गाणं. शब्द बदलून ते सू पोलार्ड यांनीच म्हटलं.

आता मुख्य प्रश्न. सगळे घाबरतात ते डॉक्टर कोण?

हे डॉक्टर इंजेक्शन देणारे नव्हेत. रिचर्ड बीचिंग हे भौतिकशास्त्रातले डॉक्टर. जन्म १९१३. एका बड्या रसायन कंपनीत अधिकारी होते. मालिकेत ते दिसत नाहीत, नुसतं त्यांचं नाव येतं आणि फलाटावर शांतता पसरते. खऱ्या आयुष्यात १९६१ मध्ये सरकारने त्यांना बोलावून रेल्वेच्या प्रमुखपदी बसवलं. पगार वर्षाला २४,००० पौंड. त्या वेळी पंतप्रधानांना मिळत १०,०००! वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला असेल, कल्पना करा.

पण त्यांना बोलवावं का लागलं? इंग्लंडची रेल्वे १९४८ मध्ये सरकारी झाली होती. महायुद्धात झिजलेली, जुनी. इकडे लोक मोटारी घेऊ लागले, माल लॉरीतून जाऊ लागला, आणि १९६२ मध्ये रेल्वेचा तोटा १० कोटी पौंडांच्या वर गेला. हे पैसे कुठून येणार? लोकांनी भरलेल्या करातून. म्हणजे दुखणं खोटं नव्हतं, हे आधी मान्य करू.

डॉक्टरांनी काय केलं? मोजायला सांगितलं. एप्रिल १९६१ मधला एक आठवडा ठरवला, २३ तारखेला संपणारा, आणि त्या आठवड्यात प्रत्येक स्टेशनावर किती तिकिटं खपली, प्रत्येक गाडीत किती माणसं बसली याची नोंद झाली. आकडे पाहून भलेभले चक्रावले. देशातल्या एक तृतीयांश रेल्वेमार्गांवर मिळून प्रवासी वाहतूक होती अवघी १ टक्का! निम्म्या स्टेशनांतून मिळणारं प्रवासी उत्पन्न होतं साधारण २ टक्के. २७ मार्च १९६३ ला अहवाल आला. २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल, म्हणजे ८,००० किलोमीटरचे मार्ग बंद करा, असा सल्ला. देशातल्या निम्म्याहून जास्त स्टेशनांची नावं त्या यादीत होती. यादी छापील होती. हॅटलीसारख्या शेकडो गावांतल्या लोकांनी बोट फिरवत फिरवत आपल्या गावाचं नाव शोधलं असेल. पटसंख्या कमी म्हणून शाळा बंद करायची चर्चा निघाली, की आम्ही शिक्षक असेच यादीवरून बोट फिरवतो, म्हणून हे दृश्य मला फार जवळचं वाटतं.

मी गणित शिकवते. त्यामुळे त्या आकड्यांपाशी थोडं रेंगाळणार आहे, कंटाळू नका.

समजा, समुद्रकाठी एक छोटं गाव आहे. उन्हाळ्याच्या सुटीत तिथे झुंबड उडते, एरवी शुकशुकाट. तुम्ही प्रवासी मोजायला गेलात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. ईस्टरची सुटी संपलेली, उन्हाळ्याची अजून लागायची. किती माणसं भेटतील? आता त्याहून गमतीची गोष्ट. लंडनच्या एका कुटुंबाने या गावाची जाण्यायेण्याची तिकिटं काढली. पैसे जमा झाले कुठे? लंडनच्या खिडकीत. गावाच्या खात्यात भोपळा! कारण उत्पन्न तिकीट जिथे विकलं तिथलं धरलं होतं. मग कागदावर दिसणार काय, तर लंडन कमावतंय आणि गाव नुसतं खातंय.

आणखी एक. छोट्या फाट्यावरून आलेला माणूस जंक्शनला उतरतो आणि पुढे मोठ्या गाडीने दोनशे मैल जातो. फाटा काढून टाकला तर तो जंक्शनला येईल कसा? तो सरळ मोटार घेईल आणि ते दोनशे मैलही मोटारीनेच जाईल. ओढे बुजवले आणि नदी का आटली म्हणून विचारत बसलो, असं व्हायचं. टीकाकारांनी हे तेव्हाही सांगितलं होतं. पण गंमत पाहा, मार्ग बंद करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला ज्या समित्या बसत, त्यांना एवढंच ठरवायचा अधिकार होता, की मार्ग बंद झाला तर लोकांचे किती हाल होतील. रेल्वेचे आकडेच चुकलेत, असं म्हणून काही उपयोग नव्हता. तो विषय समितीच्या कक्षेतच नाही!

रेल्वेऐवजी बस देऊ असं आश्वासन होतं. बस आल्या. पण त्या वळसे घेत हळू जायच्या, सामान ठेवायला जागा नसायची. काही वर्षांत रिकाम्या धावू लागल्या आणि कितीतरी ठिकाणी त्याही बंद पडल्या.

मग बीचिंग खलनायक होते का? मालिकेतल्या जॅकला विचाराल तर शंभर वेळा हो. मला तसं वाटत नाही. एक तर त्यांनी फक्त सल्ला दिला. प्रत्येक मार्गावर शेवटची सही मंत्र्याची. तेव्हाचे वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे मंत्री होण्याआधी रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीचे भागीदार होते, हे लोकांना चांगलंच आठवत होतं. १९६४ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाने मोठी बंदी थांबवण्याचं वचन दिलं, निवडून आला, आणि कुऱ्हाड चालूच राहिली. बीचिंग १९६५ मध्येच पद सोडून आपल्या कंपनीत परत गेले होते. दुसरं म्हणजे त्यांच्या अहवालात तोडण्याबरोबर जोडण्याच्याही गोष्टी होत्या. मोठ्या पेट्यांमध्ये माल भरायचा, पेटी लॉरीवरून उचलून तशीच गाडीवर ठेवायची, आणि ठरल्या वेळी धडाडत न्यायची, ही कंटेनरच्या गाड्यांची कल्पना त्यांनी उचलून धरली. 'फ्रेटलायनर' नावाने त्या १९६५ पासून धावू लागल्या. हे नाव लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे. आणि यादीतले काही मार्ग खरोखरच रिकामे होते, हेही तितकंच खरं. चूक झाली ती एकाच आठवड्याच्या मापाने सगळ्यांना मोजण्यात, असं माझं मत. तुमचं वेगळं असू शकेल.

काही गावं वाचली. स्केगनेस हे समुद्रकाठचं गाव यादीत होतं, तरी तिथली रेल्वे टिकली. इल्फ्रकूमची मात्र १९७० मध्ये गेली.

आता परत मालिकेकडे. हॅटली खोटं, मग चित्रीकरण कुठे झालं? सेव्हर्न नदीच्या काठी आर्ली नावाचं एक खरंखुरं स्टेशन आहे. १८६२ मध्ये सुरू झालेलं. गावातली बहुतेक घरं नदीच्या पलीकडे, स्टेशन अलीकडे, मधे पायी जायचा पूल. जवळच नदीवर १८६१ चा ओतीव लोखंडाचा देखणा रेल्वेपूल आहे, एकाच कमानीत २०० फुटांची झेप घेणारा. बाहेरचे प्रसंग इथे चित्रित झाले. वाफेचं खरं इंजिन, खरा धूर. फलाटावर नट 'आता स्टेशन बंद होणार' म्हणून हवालदिल होतात, ते दृश्य आठवा आणि मग पुढचं वाचा. हेच आर्ली स्टेशन १९६३ मध्ये खरोखर बंद झालं होतं! ज्या वर्षी मालिका घडते, त्याच वर्षी. (त्या मार्गाच्या बंदीचा विचार बीचिंग यांच्या अहवालाच्या आधीच सुरू झाला होता, म्हणून हे पाप त्यांच्या माथी मारता येत नाही.)

बंद स्टेशनवर तीस वर्षांनी चित्रीकरण कसं झालं मग? १९६५ मध्ये काही रेल्वेवेडी माणसं एकत्र आली आणि त्यांनी संस्था काढली. कोणी कारकून, कोणी कारखान्यातला फिटर, कोणी आमच्यासारखा शिक्षक. भंगारात निघालेली इंजिनं विकत घेतली, पैसे जमवले, सुटीच्या दिवशी झुडपं तोडली, रूळ नीट केले. १९७० मध्ये ब्रिजनॉर्थहून पहिला छोटा तुकडा सुरू झाला. १९७४ मध्ये गाडी आर्लीवरून पुढे ब्यूडलीपर्यंत पोचली आणि १९८४ मध्ये किडरमिन्स्टरपर्यंत. एकूण १६ मैल. तिकिटं तपासायला, इंजिनात कोळसा टाकायला, फलाटावरच्या कुंड्यांना पाणी घालायला स्वयंसेवक! असा खटाटोप पहिल्यांदा केला तो वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेच्या लोकांनी १९५१ मध्ये. त्यावरून सुचलेला एक झकास विनोदी चित्रपटही १९५३ मध्ये येऊन गेला. त्यात गावकरी स्वतःची रेल्वे चालवतात आणि बसवाले त्यांच्यावर टपून असतात. एका बंद पडलेल्या स्टेशनाला लोकांनी जगवलं, म्हणून 'स्टेशन बंद पडणार' ही गोष्ट तिथे सांगता आली. नाहीतर बीबीसीला आर्लीत गवतच सापडलं असतं.

मालिकेतलं हॅटली शेवटी बंद झालं का? ते कधी दाखवलंच नाही. १९९७ मध्ये मालिका थांबली तेव्हा हॅटलीच्या गाड्या सुरूच होत्या. क्रॉफ्ट यांची ती शेवटची पूर्ण मालिका ठरली. ते २०११ मध्ये वारले.

पण खऱ्या गावांचं काय झालं, ते एका गावापुरतं सांगते. स्कॉटलंडमध्ये हॉइक नावाचं गाव आहे. एडिंबरापासून कार्लाइलपर्यंत जाणारा ९८ मैलांचा डोंगराळ मार्ग त्या गावावरून जात असे. बीचिंग यांच्या यादीत तोही होता. हॉइकच्या मॅज एलियट या गृहिणीने ठरवलं, गप्प बसायचं नाही. दारोदार फिरून अकरा हजारांवर सह्या गोळा झाल्या. डिसेंबर १९६८ मध्ये तो गठ्ठा घेऊन बाई लंडनला पंतप्रधानांच्या दारात पोचल्या. सोबत कोण? त्यांचा तुमच्याएवढा, अकरा वर्षांचा मुलगा! निर्णय बदलला नाही. जानेवारी १९६९ मधल्या शेवटच्या रात्री हॉइकच्या लोकांनी गाडीत एक शवपेटी चढवली, तीही वाहतूकमंत्र्यांचा पत्ता घालून. पुढे न्यूकॅसलटन गावाच्या फाटकापाशी मध्यरात्री गावकऱ्यांनी रूळच अडवला. पोलिसांनी धरलं कोणाला, तर गावच्या पाद्रीबुवांना! त्या भागाचे खासदार योगायोगाने त्याच गाडीत होते. त्यांनी खाली उतरून समजूत काढली, पाद्रीबुवांना सोडायचं ठरलं, तेव्हा कुठे गाडी हलली. त्यानंतर त्या रुळांवरून प्रवासी गाडी गेली नाही. रूळही उखडले गेले.

सेहेचाळीस वर्षं गेली. ६ सप्टेंबर २०१५ ला एडिंबरापासून ट्वीडबँकपर्यंत, म्हणजे जुन्या मार्गाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात, नवे रूळ टाकून गाडी पुन्हा सुरू झाली. पहिल्याच वर्षात दहा लाखांहून जास्त प्रवास त्यावर झाले. इंग्लंडमध्येही ओकहॅम्प्टनची १९७२ मध्ये बंद झालेली रोजची गाडी नोव्हेंबर २०२१ मध्ये परत आली.

आणि मॅज एलियट? एका इंजिनाला त्यांचं नाव देण्यात आलं. दणकट मालवाहू डिझेल इंजिन, क्रमांक ६६५२८. ते चालवणारी कंपनी कोणती, ओळखा पाहू! मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव आठवा. फ्रेटलायनर! बीचिंग यांनी उचलून धरलेल्या गाड्यांचीच कंपनी, आणि तिच्या इंजिनावर बीचिंग यांच्या यादीशी भांडलेल्या बाईंचं नाव. हॅरी असता तर केस कापता कापता हा किस्सा त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवला असता.

फक्त एक आहे. ट्वीडबँकच्या पुढे हॉइकपर्यंत अजून रूळ पोचलेले नाहीत. तिथले लोक त्यासाठी प्रयत्न करतच आहेत.